तिसऱ्या: खाडीपासून पातेल्यापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकण आणि गोव्याच्या खाड्यांत मिळणाऱ्या तिसऱ्यांबद्दल प्रश्न दोन तऱ्हेचे येतात: काही प्राण्याविषयीचे, काही स्वयंपाकाविषयीचे. उत्तरं मात्र पुष्कळदा एकाच ठिकाणी येतात. तिसरीला कवच मिटून घ्यायला जोर लावावा लागतो, उघडायला लागत नाही. ताजी तिसरी ओळखणं, वाळू काढणं, विळीवर कापणं, पातेल्यात ती उघडणं, सगळं त्यावरच चालतं.

तिसरी हा नेमका कोणता प्राणी? खुबे, मुळे, शिवल्या वेगळे का?

गोगलगाय, माकूळ यांच्याच मृदुकाय कुळातला, पण दोन शिंपल्यांच्या कवचात राहणारा आणि डोकं नसलेला प्राणी. बाजारात 'तिसऱ्या' म्हणून येतात त्यांत मुख्यतः पॅफिया मलाबारिका (कवचावर आडव्या, ठळक रेघा) आणि मेरेट्रिक्सच्या जाती (कवच गुळगुळीत, जाड, त्रिकोणी घाटाचं) असतात. खाडीच्या आतल्या, गोडसर पाण्यात काळपट कवचाची विलोरिटा मिळते. तिसऱ्या, तिसरे, मुळे, शिवल्या, खुबे ही नावं गावागणिक बदलतात. एका बाजारातले खुबे दुसऱ्या बाजारात वेगळेच निघतात, त्यामुळे नावावर वाद न घालता कवच बघावं.

कालवं आणि शिनाणे मात्र नक्की वेगळे. कालवं एक शिंपली खडकाला कायमची चिकटवून बसतात, शिनाणे धाग्यांनी खडक धरून राहतात. तिसऱ्या वाळूत किंवा वाळूमिश्रित चिखलात पुरून घेतात आणि वाटलं तर जागा बदलतात.

उघडलेल्या तिसरीत काय काय असतं? ती काचेसारखी काडी म्हणजे जंत का?

जंत नव्हे. पण आधी बाकीचं बघू.

कवचाला आतून लागून असलेला पातळ पडदा म्हणजे प्रावार. कवच तोच घडवतो, काठाकाठाने थर चढवत. दोन्ही टोकांना एकेक पांढरा गोल स्नायू असतो. मांस खरवडून काढल्यावर शिंपलीला चिकटून राहतात ती दोन बटणं हीच. मधे पंख्यासारख्या बारीक रेघांची पातळ पानं दिसतात ते कल्ले. जिभेच्या आकाराचा मांसल भाग म्हणजे पाय. मागच्या टोकाला दोन आखूड नळ्या असतात, एक पाणी आत घेण्याची आणि दुसरी बाहेर टाकण्याची. हिरवट-तपकिरी गोळा हा पचनग्रंथीचा भाग, ती घाण नव्हे. सूक्ष्म शैवाल खाल्ल्यामुळे त्याला तो रंग येतो.

या पचनमार्गात मऊसर, पारदर्शक, लवचिक काडी मिळते. हे पचनाचं हत्यार आहे. ती काडी जठरात सतत गोल फिरते, अन्न घुसळते आणि झिजता झिजता पिष्ट पचवणारी विकरं सोडते. बऱ्याच जातींत प्राणी पाण्याबाहेर किंवा उपाशी राहिला की काही तासांत ती विरघळून जाते. म्हणजे काडी दिसली तर तिसरी खाडीतून येऊन फार वेळ झालेला नाही असं समजायला हरकत नाही. खाण्यात गेली तरी काही होत नाही.

मेंदू नाही, त्याऐवजी मज्जातंतूंच्या गाठींच्या तीन जोड्या. हृदयाला तीन कप्पे, आणि गंमत म्हणजे आतड्याचा शेवटचा भाग या हृदयाच्या मधून जातो.

कवच उघडतं-मिटतं कसं?

दोन शिंपल्या जिथे जुळतात तिथे बाहेरून तपकिरी, चिवट पट्टा असतो. तो कायम शिंपल्या उघडायला बघतो. दाराच्या बिजागरीत रबराचा तुकडा दाबून बसवला तर हात सोडताच दार फाकेल, तसं. त्याविरुद्ध ओढून धरायचं काम दोन टोकांच्या स्नायूंचं. उघडण्यासाठी वेगळा स्नायूच नाही.

या स्नायूंचे दोन भाग असतात. एक झटकन मिटतो पण लवकर थकतो. दुसरा सावकाश मिटतो, पण एकदा घट्ट धरलं की अगदी थोड्या ऊर्जेवर तासन् तास धरून राहतो. म्हणून ओहोटीत, टोपलीत, फ्रिजमध्ये तिसरी मिटून राहू शकते. मेली की स्नायू सुटतो आणि पट्टा आपलं काम करतो.

पाय एकच, तोही मऊ. मग वाळूत घुसते कशी?

पाय निमुळता करून खाली खुपसते. त्यात रक्त भरून टोक फुगवते, म्हणजे ते वाळूत अडकून बसतं. मग कवच झटक्यात मिटते. आतलं पाणी कडेने जोरात बाहेर पडतं, भोवतालची वाळू सैल होते, आणि त्याच क्षणी पायाचा स्नायू आखडून कवच खाली ओढलं जातं. हाच क्रम पुन्हा पुन्हा. जिवंत तिसरी ओल्या वाळूवर आडवी ठेवून शांत बसलं तर हे डोळ्यांनी बघता येतं. आधी फटीतून पाय चाचपडत बाहेर येतो, मग कवच हलकेच डोलून उभं राहतं.

आपल्या तिसऱ्यांच्या नळ्या आखूड, त्यामुळे त्या फार खोल जात नाहीत. बहुतेक वरच्या 5 ते 10 सेंटिमीटरमध्ये मिळतात. रिकाम्या शिंपलीतही याची खूण असते. आतल्या बाजूला कडेला समांतर एक पुसट रेघ असते, ती मागच्या टोकाला आत वळलेली दिसते. ते वळण जितकं खोल, तितक्या त्या जातीच्या नळ्या लांब आणि तितकी ती खोल राहणारी.

तिसरी काय खाते? चिखल खाते हे खरं का?

चिखलात राहते, चिखल खात नाही. पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवालं आणि सेंद्रिय कण हे तिचं अन्न. कल्ल्यांवरच्या केसांसारख्या तंतूंच्या हालचालीने पाणी आत ओढलं जातं, कण चिकट स्रावात अडकतात आणि तोंडाशी नेले जातात. तोंडाजवळच्या पाळ्या तिथे निवड करतात. नको असलेले मातीचे कण स्रावात गुंडाळून, पोटात न जाताच बाहेर टाकले जातात.

चांगली वाढलेली तिसरी ताशी लिटरच्या आसपास पाणी गाळते. जात, आकार आणि तापमान यांप्रमाणे हे कमीजास्त होतं. खाडीचं पाणी स्वच्छ राहायला याचा मोठा हातभार. पण त्याच कारणाने सांडपाण्यातले जंतू, विषारी शैवालांचं विष आणि जड धातूही तिच्या अंगात साठतात. याविषयी पुढे.

ओहोटीत पाणी नसताना श्वास कसा घेते?

जवळजवळ घेतच नाही. कवच मिटते, हृदयाचा वेग मंदावतो आणि शरीर ऑक्सिजनविना चालणाऱ्या रसायनावर जातं. त्यात आम्लं तयार होतात. ती शमवायला कवचातलाच थोडा कॅल्शियम कार्बोनेट विरघळवला जातो. पाणी परत आलं की कर्ज फिटतं.

आपल्या बहुतेक तिसऱ्यांचं रक्त जवळपास रंगहीन असतं. चिखलात राहणाऱ्या, कवचावर उभे कंगोरे असलेल्या ॲनाडारा गटातल्या शिंपल्यांचं रक्त मात्र हिमोग्लोबिनमुळे लालच असतं. उघडल्यावर लाल पाणी दिसलं म्हणून ते सडलेत असं समजू नका.

नर-मादी ओळखता येतात का? पिल्लं कुठे असतात?

बाहेरून ओळखता येत नाहीत. बहुतेक तिसऱ्यांत नर आणि मादी वेगळे असतात, पण ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडले जातात, फलन पाण्यातच होतं. क्षारता किंवा तापमान बदललं की एकाने सुरुवात करावी आणि भोवतालच्यांनी मागोमाग सोडावं, असं घडतं.

साधारण दिवसभरात त्यातून पोहणारी, इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचं कवच असलेली अळी तयार होते. ती दोनेक आठवडे प्रवाहाबरोबर तरंगते आणि वाटेत माशांच्या, जेलीफिशच्या तोंडी जाते. उरलेल्या अळ्यांना पाय फुटतो, त्या तळ चाचपून बघतात आणि जागा पटली तर बसतात. सुरुवातीला एखाददुसरा धागा काढून वाळूच्या कणाला धरून राहतात. बारीक गाळाचा थर चढलेल्या तळावर त्या टिकत नाहीत. वाळू उपसल्यावर किंवा वरच्या अंगाला भराव टाकल्यावर तिसऱ्यांची जागा ओसाड का पडते, याचं मोठं कारण इथे आहे. मोठ्या तिसऱ्या दिसत असल्या तरी नवीन बसत नसतात.

वय कवचावरच्या रेघांवरून मोजता येतं का?

थंड समुद्रात येतं, आपल्याकडे जपून. थंडीत वाढ थांबल्याची रेघ वर्षाला एक पडते, पण कोकणात थंडी कुठे तेवढी? इथे पावसाळ्याचं गोडं पाणी, प्रजननाचा ताण, नुसतं उकरलं जाणं, यानेही रेघ उमटते. टोकाचा फुगीर भाग सर्वांत जुना, कडा सर्वांत नवीन, एवढं मात्र नक्की.

आपल्या तिसऱ्यांचं आयुष्य काही वर्षांचंच. दुसऱ्या टोकाला आर्क्टिका आयलँडिका ही थंड समुद्रातली जात: 2006 मध्ये आइसलँडजवळ मिळालेल्या एका शिंपल्याचं वय आधी 405 आणि 2013 मध्ये नव्याने रेघा मोजून 507 वर्षं ठरलं.

पावसाळ्यात तिसऱ्या एकाएकी मरतात त्या का?

जून ते सप्टेंबर नद्यांचं पाणी खाडीत येतं आणि क्षारता काही दिवसांत उतरते. तिसरी मासा नव्हे. शरीरातली मिठाची पातळी बाहेरच्या पाण्याहून फार वेगळी ठेवणं तिला जमत नाही. उपाय एकच, कवच मिटून वाट बघणं. भरतीबरोबर खारं पाणी परत येत राहिलं तर निभतं. सलग पाऊस, धरणातून सोडलेलं पाणी आणि भांगाच्या दिवसांतली कमी भरती एकत्र आली की खारं पाणी आत पोचतच नाही. मिटून राहायची मुदत संपते आणि थरच्या थर मरतात. वरून गाळ बसला तर गुदमरणंही आलं.

सगळ्या जाती सारख्या नाहीत. पॅफियाला खारट पाणी लागतं म्हणून ती मुखाकडच्या भागात राहते. मेरेट्रिक्स कास्टा बराच चढउतार सोसते. विलोरिटाला तर आतलं कमी खारट पाणीच मानवतं.

वेचायला कधी जावं? भरती-ओहोटी कशी काढायची?

अमावास्या आणि पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उत्तम. उधाणाची ओहोटी खोलवर जाते आणि एरवी पाण्याखाली असलेली पुळण उघडी पडते. मुंबईकडे उधाणाला पाण्याचा चढउतार साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, सिंधुदुर्ग-गोव्यात तो जेमतेम दोन-अडीच मीटर. त्यामुळे दक्षिणेकडे दिवस चुकला तर काही हाती लागत नाही.

वेळेचा जुना हिशेब: तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ येते. द्वितीयेला दीड वाजता पूर्ण भरती, म्हणजे साडेसातच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, सकाळी आणि संध्याकाळी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी, पण ते भांगाचे दिवस, पाणी फार हटत नाही. हा हिशेब अर्ध्यापाऊण तासाने चुकू शकतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी वेळ पुढे सरकते.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा. ओल्या वाळूवर एकमेकांशेजारी दोन बारीक भोकं किंवा पाय पडताच उडणारी पाण्याची चिळकांडी, ही खूण. खुरप्याने चार बोटं खोल उकरा. मऊ चिखलात पायाच्या बोटांनीच लागतात. खड्डा परत लोटून टाका, नाहीतर शेजारच्या लहान तिसऱ्या उघड्यावर उन्हात मरतात. पाणी वळलं की निघा. भरती समोरून येते असं वाटतं, पण खाडीत ती आधी मागच्या सखल पन्हाळीत शिरते आणि वाट तोडते.

किती मोठी घ्यावी?

पॅफिया साधारण 20 मिलिमीटरची झाली की प्रजननक्षम होते. तिला निदान एकदा अंडी टाकायला मिळावीत म्हणून 30 मिलिमीटरपेक्षा लहान घेऊ नये. अंदाजाला, पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा स्पष्ट मोठी हवी. लहान आल्या तर पाण्यात भिरकावू नका, ओल्या वाळूवर ठेवा, त्या आपणच घुसतात.

नियम पाळल्याने काय होतं ते केरळात अष्टमुडी कायलमध्ये (खाडीसारख्या सरोवरात) दिसलं. तिथे 1980 च्या दशकात निर्यातीसाठी पॅफिया काढायला सुरुवात झाली. 1991 मध्ये वर्षाला 10,000 टनांपर्यंत गेलेलं उत्पादन 1993 पर्यंत निम्म्यावर आलं. मग डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा काळ बंदी, जाळ्याचा आस (विणीचं भोक) किमान 30 मिलिमीटर, आणि निर्यातीच्या मांसात किलोला 1400 पेक्षा जास्त नग नकोत, असे नियम आले. शेवटचा नियम हुशारीचा: खाडीत पहारा ठेवण्यापेक्षा कारखान्यात नग मोजणं सोपं. 2014 मध्ये या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या टिकाऊ मासेमारी पारखणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं.

कोकणात 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी यांत्रिक नौकांपुरती आहे. हाताने वेचल्या जाणाऱ्या तिसऱ्यांना तिचा आधार नाही. तिथे गावाने ठरवलं तरच होतं.

बाजारात जिवंत तिसऱ्या कशा ओळखाव्यात?

वाटा उचलण्याआधी वरच्या चार हलवून बघा. घट्ट मिटलेल्या हव्यात. किंचित उघडी असेल तर दुसऱ्या शिंपलीने तिच्यावर टकटक करा. जिवंत असेल तर काही सेकंदांत मिटते. बर्फावरच्या थंड तिसऱ्यांना मिनिट-दोन मिनिटं द्या. न मिटणारी, तडकलेली, वास येणारी बाजूला. वास समुद्राचा यावा, नासक्या अंड्याचा नको.

खरा धोका मात्र मिटलेल्यांतच लपलेला असतो: आतला प्राणी मेलेला, शिंपल्या चिखलाने गच्च भरलेल्या आणि चिखलामुळेच बंद. अशी एक जरी पातेल्यात फुटली तरी अख्खं कालवण गेलं. ओळखायची रीत अशी: प्रत्येक तिसरी चिमटीत धरून दोन शिंपल्या एकमेकींवर आडव्या सरकवून बघा. जिवंत तिसरी तसूभर हलत नाही, चिखलाची घसरते. शिवाय ती आकाराच्या मानाने जड लागते आणि भांड्यात टाकली की टणक वाजण्याऐवजी बद्द आवाज येतो. एक किलोला पाच मिनिटं लागतात. ती वाचवू नका.

घरी किती दिवस टिकतात?

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, उघड्या भांड्यात, वर ओलं फडकं घालून एक दिवस, फार तर दोन. बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत गुदमरतात. पाण्यात बुडवून ठेवल्या तर पाण्यातला ऑक्सिजन संपवून मरतात. वितळणाऱ्या बर्फात ठेवल्या तर गोड्या पाण्याने मरतात. लोक बहुतेक या तिन्हींपैकी एक करतातच.

वाळू कशी काढायची? नुसत्या पाण्यात ठेवल्या तर चालतं का?

साध्या पाण्यात ठेवल्या की त्या मिटून घेतात. मिटलेली तिसरी वाळू टाकणार कुठून? वाळू बाहेर यायची तर तिने नळ्या काढून निर्धास्त पाणी ओढायला हवं. त्यासाठी खाडीसारखी परिस्थिती द्यायची.

आधी कवचं नळाखाली चोळून धुवा. एक लिटर पाण्याला 25 ते 30 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे चार-पाच सपाट चमचे बारीक मीठ, पूर्ण विरघळवून घ्या. नळाचं पाणी क्लोरीनचं असेल तर रात्रभर उघड्या बादलीत ठेवलेलं वापरा. पसरट परातीत किंवा ट्रेमध्ये जाळी नाहीतर पालथी चाळणी ठेवून त्यावर तिसऱ्या एका थरात पसरा. जाळी नसेल तर टाकलेली वाळू खाली बसते आणि पुन्हा आत ओढली जाते. पाणी त्या जेमतेम बुडतील एवढंच ठेवा. खोल, भरगच्च पातेल्यात तळच्यांना हवा मिळत नाही. अर्ध्या किलोला दोन लिटर पाणी पुरे. फ्रिजबाहेर, वर फडकं टाकून, अंधारात ठेवा. दोन-तीन तासांनी पाणी बदला आणि आणखी दोन तास ठेवा.

अर्ध्या तासाने हळूच फडकं उचलून बघा. फटीतून दोन बारीक नळ्या बाहेर आलेल्या दिसल्या पाहिजेत. तासाभरानेही सगळ्या मिटूनच असतील तर मीठ कमीजास्त झालंय, पाणी फार गार आहे, किंवा क्लोरीन आहे. पाण्यात पीठ किंवा हळद घालायची पद्धत काही घरांत आहे. आमच्या मते उपयोग शून्य. पीठ पाणी आंबवतं, बस्स.

उचलताना एकेक हाताने उचला. परात चाळणीत ओतली तर तळाची वाळू पुन्हा सगळ्यांवर.

विळीवर उघडताना हात कापतो. सोपी रीत?

तिसऱ्या तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने स्नायूचा जोर जातो, पट्टा शिंपल्या किंचित फाकवतो, आणि पातं आत जायला जागा मिळते. बाहेर काढून पाच मिनिटांनी, बिजागरीचा पट्टा तळहाताकडे ठेवून, समोरच्या फटीत विळी किंवा बोथट सुरी सरकवा आणि दोन्ही टोकांचे स्नायू कापा. मधे दाबू नका, तिथे नुसतं मांस फाटतं. यात तिसऱ्या मरतात, म्हणून लगेच शिजवायच्या.

उघडताना वाडगं खाली ठेवा. गळणारं पाणी म्हणजे अर्धी चव; ते कपड्यातून गाळून रश्शात घाला. एक शिंपली टाकून मांस दुसरीतच ठेवायची, ही एकशिपीची पद्धत सुक्याला छान. शिंपलीत मसाला धरतो आणि वाटणीत कुणाला किती आल्या तेही दिसतं.

किती वेळ शिजवायच्या? न उघडलेली फेकावी का?

झाकण ठेवून मोठ्या आचेवर वाफवल्या तर तीन ते पाच मिनिटांत उघडतात. ही शिजल्याची खूण नव्हे, स्नायूची पकड सुटल्याची आहे. उघडल्यावर आणखी तीन ते पाच मिनिटं शिजू द्या, जंतूंच्या दृष्टीने ती गरजेची. त्याहून फार जास्त केलं तर मांस आखडून चिवट होतं. म्हणून कालवणात वाटण आधी पूर्ण शिजवून घ्यावं, तिसऱ्या शेवटी. मीठ तर अगदी शेवटी, चाखून, कारण आतलं पाणी खारट असतं. कोकमही तेव्हाच.

मेलेल्या तिसऱ्या ओळखायची जागा पातेलं नव्हे, त्याआधीची निवड. उकळूनही मिटलेली राहिली तर ती मेलेली होतीच असं नाही. कधी स्नायू शिंपलीवरून लवकर सुटत नाही. पण ती चिखलाची असू शकते, म्हणून पातेल्यात उघडायच्या भानगडीत पडू नका. बाहेर काढून ठेवा.

आत इवलासा खेकडा निघाला. टाकून द्यायच्या का?

नको. वाटाण्याएवढा, मऊ कवचाचा हा खेकडा शिंपल्यांतच राहतो आणि त्यांनी गाळलेल्या अन्नावर जगतो. माणसाला अपाय नाही. शिजल्यावर काढून टाका किंवा खा. खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र सांभाळावं.

तिसऱ्यांनी विषबाधा होते ती कशी? उकळल्याने टळते का?

तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होते.

पहिली, मेलेल्या, नासलेल्या तिसऱ्या. निवडून टळते.

दुसरी, सांडपाण्यातले जंतू: कावीळ करणारा हिपॅटायटिस ए, नोरोव्हायरस, व्हिब्रिओ. नीट शिजवल्याने बहुतांशी टळते, अर्धवट वाफवल्याने नाही. स्वच्छ पाण्यात दिवस-दोन दिवस ठेवल्याने जीवाणू कमी होतात, विषाणू तेवढे जात नाहीत. नाला पडतो तिथल्या, बंदरातल्या, कारखान्याच्या खालच्या अंगाच्या तिसऱ्या घेऊच नयेत. जड धातू शिजवून जात नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर, शैवालांचं विष. काही सूक्ष्म शैवालं माजली की त्यांचं विष तिसऱ्यांत साठतं. तिसरीला काही होत नाही. ती जिवंत, ताजी, चवदार असते. उकळल्याने, तळल्याने, कोकमाने हे विष नष्ट होत नाही. 1983 मध्ये मंगळूरजवळ कुंबळे इथे तिसऱ्यांतून आणि 1997 मध्ये केरळात विझिंजम इथे शिनाण्यांतून अशी विषबाधा झाली आणि माणसं दगावली. लक्षणं अर्ध्या तासापासून काही तासांत दिसतात: ओठ-जिभेला मुंग्या, मग चेहरा आणि हातपाय बधिर, पुढे श्वास जड. यावर उतारा नाही, पण वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो. मुंग्या आल्या की घरगुती उपाय न करता थेट दवाखाना. पाण्याला लाल, तपकिरी किंवा हिरवट रंग चढला असेल, मासे मरून लागत असतील, तर त्या भागातल्या तिसऱ्या काही आठवडे बंद.

कवचाच्या टोकाजवळ सुबक गोल भोक असतं ते कशाचं?

चंद्रगोगलगायीचं. ती वाळूखालून तिसरीला पायाने वेढते, आम्लयुक्त स्राव सोडून कवच मऊ करते, खरखरीत जिभेने किसत भोक पाडते आणि आतलं मांस खाते. भोकाची कड आत उतरती असते. किनाऱ्यावर माळेसाठी मुलं वेचतात ती भोकाची कवचं हीच.

तिसरीत मोती मिळतो का?

क्वचित मिळतो, पण चुन्याच्या खड्यासारखा, चमक नसलेला. दातांना लागतो, पैसे देत नाही.

कवचांचं काय करावं?

कवच जवळजवळ सगळंच कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत साधारण 900 अंश सेल्सिअसला भाजलं की त्याचा कळीचा चुना होतो, आणि पाणी घातलं की विरलेला चुना. कोकण-गोव्यातल्या जुन्या बांधकामांत शिंपल्यांचा चुना वापरलेला आहे. घरी ही भट्टी लावायच्या फंदात पडू नका. कळीचा चुना पाण्याशी उसळतो आणि डोळे जाळतो.

घरच्या उपयोगासाठी कवचं उकळून, कडक उन्हात वाळवून, फोडून घ्या. बाजरीच्या दाण्याएवढा चुरा कोंबड्यांना वेगळ्या भांड्यात ठेवला तर अंड्याची टरफलं जाड होतात. खाद्यात मिसळू नका, त्यांना लागेल तेवढं त्या उचलतात. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत बारीक पूड उपयोगी पडते, पण सावकाश. मोठे तुकडे वर्षानुवर्षं तसेच राहतात. न उकळता टाकलेल्या कवचांना मात्र दुसऱ्याच दिवशी मुंग्या आणि मांजरं.